ओल्या वाळूवरचे तांदूळ

ती घटना आठवली की आजही मला आधी ओल्या वाळूवर विखुरलेले तांदूळ दिसतात. माणसं मागून आठवतात.

फाळणीनंतरचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथल्या पोलीस ठाण्यात नवा फौजदार होतो. कराचीहून बोटी भरून निर्वासित मुंबईच्या धक्क्यावर उतरत आणि तिथून कल्याणच्या छावणीत जात. त्या गर्दीत काही मुलं एकटीच असत. कुणाचे आईबाप चुकलेले, कुणाचे मेलेले. छावणीत आजार पसरू लागले, तेव्हा एका समितीने अशी मुलं आसपासच्या गावांत सांभाळायला द्यायला सुरुवात केली. नातेवाईक सापडला की मूल परत करायचं, एवढी अट. मूल धड आहे ना, ते पाहण्याचं काम पोलिसांच्या गळ्यात पडलं.

एका सकाळी वसईच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातली एक मासळी विकणारी बाई बाजाराला जाता जाता ठाण्यावर आली. आमचा हवालदार जुना, वसईचाच, आणि तोंडाचा जरा सैल. तो म्हणाला, "काय मावशी, बोंबलांची फिर्याद लिहू का?"

बाई हसली नाही. पाटी ओट्यावर टेकवून म्हणाली, "दादा, आमच्या शेजारच्या घरात मेलेली पोर परत आली हाय."

हवालदाराचं हसू मावळलं, कारण ती मेलेली पोर कोण ते त्याला ठाऊक होतं. आदल्या वर्षी पाचूबंदरच्या एका कोळ्याची सात-आठ वर्षांची एकुलती एक मुलगी किनाऱ्यावर खेळताना भरतीत ओढली गेली होती. प्रेत हाती लागलं नव्हतं.

मी बाईला बसवून नीट विचारलं. ती सांगू लागली, "दिवस मावळाया आला का ती पोर पान्याच्या कडेला जाते. मुठीत तांदूळ आनते आन् दर्यात सोडते. मग झग्याचा घोळ पसरून उभी ऱ्हाते, कोनी वाढायला येनार हाय तशी. सायेब, तांदूळ कोनाच्या नावानं सोडतात पान्यात? ती सोताचाच पिंड सोडते. आन् तिची आय तिला कमरेला दोरी बांधून धरते, दर्यानं परत न्यू नये म्हनून."

भुताखेतांच्या गोष्टींवर ठाण्यात नोंद होत नाही. पण लहान मुलीला दोरीने बांधलं जातं, ही खबर होती. शिवाय हवालदाराने आठवण करून दिली की समितीने त्याच घरात एक निर्वासित मुलगी ठेवली होती. डोक्याचे केस कापलेली, एक शब्दही न बोलणारी.

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. हा हवालदार दरोडेखोराच्या अंगावर काठी न घेता जाणारा गडी, पण वस्ती जवळ आली तशी त्याची चाल मंद झाली. भरती येत होती. किनाऱ्यावर जाळी वाळत होती आणि एरवी तिथे हुंदडणारी पोरं कुठेच दिसत नव्हती. पाण्याच्या कडेला एक मुलगी पाठमोरी उभी होती. तेल लावून घट्ट घातलेली बोटभर वेणी, पायात पैंजण, झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे पसरलेला. तिच्या कमरेची दोरी मागे वाळूवर बसलेल्या कोळणीच्या मनगटाला गुंडाळलेली होती. मुलगी पुटपुटत होती. आमची चाहूल लागली तेव्हा तिने मान वळवली आणि आमच्याकडे न पाहता आमच्या पलीकडे कुठेतरी पाहिलं.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

तिने बुडालेल्या मुलीचं नाव सांगितलं. अगदी तिथल्या कोळ्यांच्या हेलात.

"कुठून आलीस?"

"दर्यातून."

हवालदार दोन पावलं मागे सरला.

समितीची मुलगी कुठे आहे, असं मी कोळणीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ती कवाच निघून गेली. ही आमची. दर्यानं दिली परत." आसपासच्या चार घरांत चौकशी केली. सगळ्यांचं उत्तर एकच, आणि सगळे दाराआडून बोलत होते. त्यांना कुणी पढवलं नव्हतं. घरात आलेली मुकी पोर काही महिन्यांत त्यांच्या बोलीत बोलू लागली, बुडालेल्या मुलीचे कपडे तिला नेमके बसले, तिच्या नावाला ती ओ देऊ लागली. वस्तीने जे डोळ्यांनी पाहिलं ते मानलं. समुद्राने परत केलेलं नाकारलं तर तो दुसरं काही मागेल, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती.

मी समितीला कळवलं. उत्तर आलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. त्या निर्वासित मुलीची आई जिवंत होती. कराचीच्या धक्क्यावर ताटातूट झाली, मुलगी मामाबरोबर पुढच्या बोटीत चढली, मामा वाटेतच गेला. आई मागच्या बोटीने आली आणि तेव्हापासून एकेक छावणी पालथी घालत होती. आता ती वसईला निघाली होती. तिची मुलगी तिला द्यायची की ती पळून गेली असं सांगायचं, हे मला ठरवायचं होतं.

कोळी नवराबायकोला ठाण्यावर बोलावून जबाब घेतले. खोटं बोलणारा माणूस विचारलं त्याहून जास्त सांगतो, हे मला तोवर कळलं होतं. ही बाई विचारलं तेवढंच सांगत होती. कुठे सापडली? किनाऱ्याला. कशावरून तुझी? मला आय म्हनते. दोरी कशाला? दर्याचा भरवसा नाय म्हनून.

नवऱ्याला वेगळा घेतला. तो म्हणाला, "सायेब, मी खोटं बोलनार नाय. पन माज्याकडनं खरं वदवू नका. माजी बायको ती पोर यायच्या आधी चार-चार दिवस जेवत नव्हती."

एवढ्यावर माझी खात्री पटली, पण कायद्याची पटली नाही. बुडालेल्या मुलीचं प्रेत मिळालं नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री ती नुसती बेपत्ता होती. बेपत्ता मुलगी परत येऊ शकते. छावणीतून आलेलं वर्णन कापलेल्या केसांच्या, मुक्या मुलीचं होतं. समोर होती ती वेणी घातलेली आणि बोलणारी. शपथेवर सांगायला सारी वस्ती तयार. आणि खुद्द मुलगी म्हणत होती, मी त्यांचीच.

मुलीची आई आली ती तिशीची असावी, पण चालत होती म्हातारीसारखी. ओळख पटवायची तर मुलीला सरळ समोर उभं करण्यात अर्थ नव्हता. दोन आया एक मूल ओढू लागल्या की मूल घाबरतं आणि जवळच्या हाताला धरतं. म्हणून मी दोन पंच घेतले आणि बाईला आधी नुसतं किनाऱ्यावर नेलं. कोळणीला मुलीसह मागून यायचा निरोप धाडला.

समुद्र दिसला तशी ती बाई थांबली. ओढणीच्या गाठीतून तिने मूठभर तांदूळ काढले. माझ्याकडे वळून म्हणाली, "साहब, एक मिनट." चपला काढून ती पाण्याच्या कडेला गेली, तांदूळ पाण्यात सोडले आणि ओढणी दोन्ही हातांवर पसरून पुटपुटू लागली. माझ्या शेजारी उभ्या हवालदाराने माझा दंड धरला.

नंतर तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे पाणी म्हणजे देव. नदी दिसो, समुद्र दिसो, तांदूळ वाहायचे, पदर पसरायचा आणि हरवलेलं मागायचं. ज्याला वस्ती पिंड समजत होती तो नवस होता.

पण समजावून सांगायची वेळ येण्याआधीच गोष्ट संपली होती. आई पुटपुटत असतानाच मागून पैंजण वाजले. कोळीण मुलीला घेऊन आली होती. मुलगी त्या पाठमोऱ्या बाईकडे पाहत राहिली. मग पुढे चालू लागली, दोरी ताणली गेली तरी थांबली नाही. दोरी सोडावी की ओढावी, हे कोळणीला क्षणभर कळेना. मग तीही तिच्या मागे पाण्यापर्यंत गेली. मुलगी आईच्या शेजारी उभी राहिली आणि तिने झग्याचा घोळ पसरला. दोघींचं पुटपुटणं एका चालीत चाललं होतं. आईने डोळे उघडले ते त्या आवाजाने.

कुणी ओरडलं नाही. कोळीण वाकली, भिजून आवळलेली गाठ तिने दातांनी सोडवली आणि मुलीच्या कमरेची दोरी काढली. मुलीच्या आईला म्हणाली, "ही रोज तुलाच मागत व्हती. मला वाटलं, दर्याला म्हनते, मला ने."

पंचनामा झाला, ताबा पावती झाली. अपहरणाचा गुन्हा मी नोंदवला नाही. वरिष्ठांनी कारण विचारलं, तेव्हा मूल ज्यांच्याकडे सोपवलं त्यांच्याकडेच मिळालं, असं उत्तर दिलं. निघण्यापूर्वी मी मुलीला विचारलं, तू त्या बुडालेल्या मुलीचं नाव का सांगत होतीस? ती म्हणाली, "मी व्हय म्हटलं का आय रडायची थांबायची."

पुढे नोकरीत अशी मुलं दुसऱ्याच्या घरी पोचवायची वेळ पुष्कळदा आली. घर पक्कं आहे का, माणसं निर्व्यसनी आहेत का, हे सगळे विचारतात. त्या दिवसापासून मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो. या घरातलं कोण गेलंय? ज्या घरात कुणाची जागा रिकामी असते, त्या घराला मूल हवं असतं हे खरं. पण त्याला आलेलं मूल हवं असतं की गेलेलं, हे आधी पाहावं लागतं. त्या कोळणीने पोरीला पोटभर जेवू घातलं, केस वाढवले, मुक्या तोंडाला बोलतं केलं. वाईट बाई नव्हती ती. मला तिचा कधी राग आला नाही.

बदली होण्याआधी नारळी पौर्णिमेच्या बंदोबस्ताला मी पुन्हा पाचूबंदरला गेलो. वाजतगाजत नारळ सोडून झाले, माणसं पांगली. वाळूवर ती कोळीण एकटी उरली होती. तिने मुठीतले तांदूळ पाण्यात सोडले आणि पदर पसरून उभी राहिली. ती मासळीवाली बाई जवळच होती. ही कुठल्या मुलीला मागते, असं मी तिला हळूच विचारलं.

"तिलाबी ठाव नसंल सायेब," ती म्हणाली.

कोळणीच्या मनगटाला अजून ती दोरी होती. दुसरं टोक पाण्यात गेलं होतं आणि ओहोटी त्याला सावकाश आत ओढत होती. हवालदार मला चला म्हणाला आणि आम्ही निघालो.