कॅल्शियमचे दोन रुसलेले चुलते

परवा चांदूर बाजारला एका लग्नाला होतो. उमरावतीहून कोळशावर चालणारी मोटार... पोचेपर्यंत पांढऱ्या धोतराचं जे व्हायचं ते झालं.

लग्न आमच्या भाऊजींच्या पुतणीचं. भाऊजी नांदगाव खंडेश्वरचे, काळ्या जमिनीचे मालक, आणि घरच्या कार्यात स्वयंनियुक्त सेनापती. सोबत त्यांची मुलगी नलू होती. माझ्याकडे राहून इंटर सायन्स झाली, पास झाली... आणि तिथंच घोटाळा झाला. तिला आता नागपूरला जाऊन बी.एस्सी. करायचं आहे.

भाऊजींनी मांडवातच कोर्ट भरवलं. म्हणाले, ‘‘दोन वर्सं काय शिकली ते मले समजावून सांग. समजलं तं नागपूर. नाही तं याच मांडवात तुयासाठी पोरगा पाह्यतो.’’

माणूस बोलतो तसं करतो. पाहण्यासारखे दोन-तीन पोरगे समोर पान चघळत बसलेही होते... विज्ञानाची बाजू मला एकदम पटली.

नलूनं चुन्यापासून सुरुवात केली. भाऊजींच्या हातात तंबाखू होती, चुना डबीत होता. चुन्यात कॅल्शियम असतं, कॅल्शियमच्या अणूत वीस इलेक्ट्रॉन, ते ओळीनं बसतात. पहिल्या ओळीत दोन, दुसरीत आठ, तिसरीत आठ, चौथीत दोन. पाठ चोख होतं.

‘‘तिसऱ्या ओळीत जागा किती?’’ भाऊजींनी विचारलं. आयुष्यभर पंगती उठवलेला माणूस, दुसरं काय विचारणार?

‘‘अठरा.’’

‘‘मंग आठच काहून बसवले? दहा जागा रिकाम्या ठेवून दोघांले चौथ्या ओळीत कोन बसवते?’’

नलू खोकली. तिचे प्रोफेसरही इथं खोकून पुढं जात असत म्हणे. मी मदतीला धावलो, ‘‘भाऊजी, निसर्गाचा नियम असतो तो.’’

‘‘तुमी गप ऱ्हा, लेखकराव. तुमाले तं वांग्याच्या भाजीतलं वांगं समजत नाही.’’

हे खोटं नाही... नलू तांब्या घेऊन पाणी वाढायला गेली. चेहरा असा, की परीक्षेत पास झाल्याचा पश्चात्ताप होत असावा.

मग पंगत बसली. मांडवात तीन लांब ओळी, चौथी बाहेर लिंबाखाली. पहिल्या दोन भरल्या. तिसरी निम्मी भरली आणि अडली, कारण पुढच्या जागा आचाऱ्याच्या भट्टीला लागून होत्या. वैशाखातलं ऊन, त्यात ती भट्टी... तिथं बसणारा माणूस जेवण्याआधी शिजला असता.

एवढ्यात नवरदेवाचे दोन चुलते आले. दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाकडं, वर्षानुवर्षं बोलणं नाही. पण वरपक्षाच्या मानाचा प्रश्न आला की दोघं एक. रिकाम्या जागा पाहून दोघांनी नाकं मुरडली, सरळ बाहेर गेले आणि लिंबाखालच्या ओळीत पहिल्या दोन पाटांवर शेजारीशेजारी बसले. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

नलूच्या हातातला तांब्या तिरका झाला. कोणाच्या तरी वरणात पाणी गेलं.

‘‘बाबा! ते पाहा, कॅल्शियम!’’

भाऊजींना वाटलं पोरीला ऊन लागलं. पण ती थांबेना. ‘‘तिसऱ्या ओळीत जागा हायेत, पण त्या भट्टीजवळच्या. महागात पडतात. चौथीतल्या पहिल्या दोन त्याहून सोप्या. म्हणून दोघं तिकडं बसतात. अन् जोडीनं दोघं बसले, तं इलेक्ट्रॉनांची तोंडं बी अशीच उलटी!’’

भाऊजींनी ओळींकडं पाहिलं, भट्टीकडं पाहिलं, लिंबाकडं पाहिलं. मांडवात वीस नव्हे, दोनशे माणसं होती, पण हिशेब त्यांना दिसला असावा. तंबाखू मळायची थांबली.

तेवढ्यात बुंदी लिंबाखाली पोचायला उशीर झाला आणि दोन्ही चुलते ताडकन उठून चालते झाले. आतल्या तिन्ही ओळी शांतपणे मठ्ठा ओरपत होत्या... ‘‘हे बी पुस्तकात हाये,’’ नलू म्हणाली, ‘‘बाहेरचे दोघं पहिले जातात. उरलेले हलत नाहीत.’’

‘‘पुस्तक राहू दे माय, मले त्याइले आनाले जा लागते!’’ असं म्हणत भाऊजी हात जोडून धावले.

परत आले ते घामाघूम. चुलते बसले होते, पुन्हा पाठीला पाठ. पाणी पिऊन भाऊजींनी हळूच विचारलं, ‘‘नले... त्या भट्टीजवळच्या दहा जागा मंग रिकाम्याच राह्यतात काय?’’

‘‘भरतात ना बाबा. लिंबाखालचे दोघं बसले का, मंग पुढच्या धातूंत भरतात.’’

‘‘ते काहून?’’

नलूनं तांब्या उचलला. ‘‘ते बी.एस्सी.ले शिकवतात.’’

भाऊजींनी चुन्याची डबी खिशात टाकली. मग माझ्याकडं वळले, ‘‘लेखकराव, नागपूरची मोटार तुमच्या उमरावतीहूनच सुटते ना?’’

नलूची पेटी आता माझ्या ओसरीवर भरलेली उभी आहे. त्या दोन चुलत्यांचे आभार मानायला मी मुद्दाम गेलो होतो... पण दोघंही अजून रुसलेले आहेत, आणि देव करो, असेच राहोत.