छप्पन्न बार गप्प

त्या हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी मी विहिरीच्या कठड्यावर मोबाइल टेकवून, हातात क्लॅरिनेट घेऊन गप्प उभा राहायचो. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीकडे येते, त्यामुळे संगीत असो की भांडण, सगळं तिथेच. मोबाइलमधून ऑर्केस्ट्रा वाजायचा. सोलो वाजवणाऱ्याची जागा मोकळी ठेवलेलं रेकॉर्डिंग होतं ते. व्हायोलिनवाले छप्पन्न बार वाजवत आणि सत्तावन्नाव्या बारला मी शिरायचं. बार म्हणजे तालाचं एक घर. आमच्याकडे बार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येतं, म्हणून सांगून ठेवतो.

मी आचऱ्याजवळच्या हायस्कुलात गणित शिकवतो. छप्पन्नपर्यंत मोजणं मला जड नाही. तरी दर शनिवारी मी सत्तावन्नाव्याला उशिरा शिरायचो. फार नाही, केसभर. पण ऑर्केस्ट्रा कुणासाठी थांबत नाही, आणि मोबाइलमधला तर नाहीच.

हा उद्योग वहिनीमुळे सुरू झाला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं आणि माझं घर एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, मध्ये एक फणस. माझं लग्न राहून गेलं, त्यामुळे दादाचं घर हेच माझंही घर होतं. लहानपणी चर्चच्या मास्तरांनी आम्हा दोघांना क्लॅरिनेट शिकवलं. थोरला म्हणून पहिला सूर त्याला, दुसरा मला. दुसरा म्हणजे त्याच्या खालून, दोन पायऱ्या सोडून, त्याच्या पावलावर पाऊल टाकत चालायचं. चाळीस वर्षं आम्ही असे वाजवत आलो. लग्नात, चर्चच्या फेस्ताला, आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात वाडीतल्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लदीन असते तेव्हा. मेणबत्त्या लावायच्या, लिटनी म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना गायची, सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. दादा बाजारात शिवणकाम करायचा, पण लदीनच्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही.

सुरुवात करायच्या आधी तो नाक ओढायचा. सूं. बस, एवढंच. पाय आपटणं नाही, मान हलवणं नाही. ते सूं ऐकलं की मी श्वास घ्यायचो आणि आम्ही एकदम शिरायचो. लोक म्हणत, दोघांचा एकच श्वास आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा. त्यात माझं काही नव्हतं हे तो गेल्यावर कळलं.

तो गेला त्यानंतरच्या मे महिन्यात मी एकटा खुरसासमोर उभा राहिलो. पहिला सूर मला तोंडपाठ होता, बोटंही तयार होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी वाट बघत होतो. कशाची, ते मला त्या क्षणी कळलंच नाही. मेणबत्तीचं मेण माझ्या चपलेवर ओघळलं तरी मी उभाच. शेवटी मागच्या एका बाईने कंटाळून लिटनी सुरू केली, तीही इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे गळे फाटले. मी क्लॅरिनेट तसंच काखेत मारून घरी आलो. पुढच्या वर्षी मी लदीनला गेलोच नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, असं सांगितलं. मे महिन्यात कसले पेपर, हे कुणी विचारलं नाही याचंच मला वाईट वाटलं.

मग त्या हिवाळ्यात, नाताळ झाल्यावर, वहिनी फणसाखाली कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "ह्या वर्षाक लदीनची पाळी आमच्याकडे आसा. वाजवतलंस मां?"

"माका सुरवात करूक येणा नाय, वयनी."

"मग शीक," ती म्हणाली आणि पुढचा कपडा झटकला.

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पन्नाशी उलटलेल्या मास्तराला कुणी शीक म्हणायचं म्हणजे काय. पण ती बरोबर होती, म्हणूनच झोंबल्या. फादरकडून म्हापशाच्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेचा नंबर मिळाला. बाईंनी फोनवरच माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाल्या, तुम्हाला कॉन्चेर्टो शिकायला हवं. तिथे ऑर्केस्ट्रासमोर एकट्याने उभं राहावं लागतं, हात धरायला कोणी नसतं. त्यांनी तीन कॉन्चेर्टो पाठवले. पहिला इतका जलद की बोटांना धाप लागली. दुसऱ्याला लांब क्लॅरिनेट लागतं, ते माझ्याकडे नाही. तिसऱ्यात सुरुवातीला छप्पन्न बार नुसतं उभं राहायचं होतं. मला कमीत कमी गप्प बसवणारा द्या, अशी मी विनवणी केली. बाई म्हणाल्या, तुमच्यासाठी हाच.

मी शिकलो. नोटेशन वाचणं कठीण गेलं नाही. खालच्या सुरांतून वरच्यात उडी मारताना सगळी बोटं एकदम बसवावी लागतात, तेही फेब्रुवारीपर्यंत जमलं. समुद्राच्या हवेने रीड, म्हणजे तोंडाकडची बोरूची पट्टी, फुगते, ती चहाच्या बशीखाली दाबून सरळ करायचो. मधला संथ भाग तर मला आवडायलाच लागला. पण आत शिरायचं म्हटलं की घोडं अडायचं. एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, असं मोजत छप्पन्नपर्यंत यायचं आणि पुन्हा केसभर उशीर.

एका शनिवारी बाईंनी फोनच्या पलीकडून रेकॉर्डिंग थांबवलं. "तुमी कोणाची वाट पळयतात?" त्यांनी कोंकणीत विचारलं. मी विहिरीत बघत राहिलो. मग सांगितलं. दादाचं, त्या सूंचं. बाई म्हणाल्या, तर मग तुम्हीच नाक ओढा.

ते मात्र मी केलं नाही. दादाचे शर्ट वहिनीने मला दिले होते, ते मी वापरले. पण हे त्याचं होतं. मी पाय आपटून बघितला, मान हलवून बघितली. कशानेच होईना. संध्याकाळी स्वयंपाक करताना भाताच्या शिट्ट्या मोजतानाही मी कुणाच्या तरी इशाऱ्यासाठी थांबायचो. मला फार एकटं वाटायचं, सरळच सांगतो. आणि ऑर्केस्ट्रासोबत वाजवताना सगळ्यात जास्त. एवढी माणसं माझ्यासाठी वाजवत होती आणि त्यातलं एकही मला ओळखत नव्हतं.

मे महिना आला. कॉन्चेर्टो पुरा झालाच नव्हता. लदीनच्या संध्याकाळी मी खुरसासमोर उभा राहिलो. वहिनी बायकांत पुढे उभी होती, हातात चण्यांचं पातेलं धरून. सगळे थांबले. पाचावर धारण बसली माझी. मनात छप्पन्न बार मोजावेत तर इथे ऑर्केस्ट्रा नाही, नुसता झाडांतला वारा. आणि मग सूं. कुणीतरी नाक ओढलं, मी श्वास घेतला आणि पहिला सूर वेळेवर लागला. सगळी वाडी माझ्याबरोबर एकदम शिरली. दोन ओळी झाल्यावर कळलं की नाक मीच ओढलं होतं. वहिनी गात नव्हती.

चणे वाटून झाले, लोक पांगले. वहिनी रिकामं पातेलं घेऊन माझ्याजवळ आली.

"नाक वडलंस तू."

"माका सर्दी झाली हा."

"मे म्हयन्यात?"

मी क्लॅरिनेट सुटं करून पेटीत भरत होतो. ती गेली नाही. पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत उभी राहिली आणि खाली बघतच म्हणाली, "परत एकदा वड."

मी ओढलं. पुढे वाजवायचं काही नव्हतं.