भाऊजींचा थंड चष्मा

सगळ्या बडोद्यात शांततेची खरी गरज असलेला एकच माणूस आहे, आणि तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. हे गृहस्थ म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या कचेरीत होती. भाऊजींनीही सरकारी कचेरीतच नोकरी केली, लग्न केलं नाही, कुणाला दुखवलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर फतेगंजातल्या एका हॉस्टेलच्या मुलाकडून जुनी लाल गिटार घरी आणली. तेव्हापासून अकोट्याच्या आमच्या फ्लॅटमधली आतली खोली त्यांचा स्टुडिओ झाली. स्टुडिओ हा शब्द त्यांचा. आमचे हे त्या खोलीला अजून ‘अडगळ’च म्हणतात.

ही गिटार वीज जोडल्याशिवाय डासाएवढा आवाज करते. भाऊजी बहुतेक वेळ कानाला ते मोठे गोल हेडफोन लावून वाजवतात, म्हणजे गडगडाट सगळा त्यांच्या डोक्यात आणि आमच्या वाट्याला नुसतं टिंग टिंग. पण चेहरा बघावा त्यांचा! भुवया वर, डोळे मिटलेले, मान अशी हलतेय की पाहणाऱ्याला काळजी वाटावी. पहिल्यांदा मी घाबरून ह्यांना हाक मारली होती. हे येऊन दारात उभे राहिले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, “काही नाही गं. त्याच्या घरी पूर आलाय, आपल्या घरी नळ ठिबकतोय.”

हेडफोनवर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण भाऊजींना रेकॉर्डिंग करायचं असतं, आणि त्यांच्या मते खरा आवाज हेडफोनमधला नसून स्पीकरच्या डब्यातून बाहेर येऊन हवेत पसरणारा. तो हवेत पसरला की माइकने टिपायचा. आता अकोट्याची हवा काही एकट्या भाऊजींची नाही. तिच्यात स्कूटरी आहेत, भाजीच्या लारीवाल्याची आरोळी आहे, बाजूच्या बेनचा मिक्सर आहे. म्हणून मग भिंतींना गोधड्या आल्या. माझ्या आईने शिवलेल्या, सासूबाईंच्या, सगळ्या गोधड्या खिळ्यांवर चढल्या आणि थंडीत आम्ही शाली पांघरून झोपलो. “भिंतींना ताप आहे का रे?” असं हे विचारायचे. भाऊजी म्हणायचे, “दादा, गोधडी आवाज परत फेकत नाही. पिऊन टाकते.” स्पीकरचा डबा त्यांनी माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवला आणि माइक त्याच्या तोंडाशी टांगला, कारण साड्यांत आवाज मुरतो म्हणे. मुरांब्यासारखा. एका लग्नाला जाताना मी घाईने पैठणी ओढली तर तिच्याबरोबर माइकही बाहेर आला आणि भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांचं आतडंच ओढलं.

रेकॉर्डिंग चालू आहे हे कळावं म्हणून त्यांनी देवघरातला लाल दिवा काढून खोलीच्या दारावर लावला. देव अंधारात आणि भाऊजी उजेडात. दिवा लागला की घरातले नियम बदलतात. पंखे बंद. कुकर लावायचा नाही, भात उघड्या पातेल्यात. पोळ्या लाटायच्या नाहीत, बांगड्या वाजतात. ह्यांनी टीव्हीच्या बातम्या आवाज घालवून बघायच्या. ह्यांना ते बरंच मानवलं, ब्लडप्रेशर उतरलं. मला मात्र एकदा वाटलं की तो दिवा विझलाय, आणि मी आमटीला फोडणी दिली. भाऊजी बाहेर आले, आमटीच्या पातेल्यात डोकावले आणि परत आत गेले. ते रेकॉर्डिंग त्यांनी आपल्या एका जुन्या मित्राला पाठवलं. मित्राचा फोन आला, “बाकी ठीक आहे, पण मागे तो बारीक तडतडणारा ताल धरलाय तो फक्कड! कोणी धरला?” भाऊजी माझ्याकडे बघत म्हणाले, “वहिनींनी.” त्यानंतर चार लोकांत त्यांनी मला ‘आमच्या तालवादक’ म्हणायला सुरुवात केली, आणि मी लोकांसमोर यायचंच कमी केलं.

नवरात्रात भाऊजींचं काम बंद. गरब्याच्या स्पीकरपुढे गोधड्यांनी काय करावं? ते दिवस ते सुट्टी मानतात आणि फाफडा खातात. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, मात्र त्यांची मजा असते. गच्चीगच्चीवर गाणी, पिपाण्या, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या चाललेल्या असतात, तेव्हा ते खिडकी सताड उघडी ठेवून मोठ्यात मोठ्या आवाजात वाजवतात. कुणालाच ऐकू जात नाही, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. “वर्षातला एकच दिवस,” ते म्हणतात, “जेव्हा सगळं गाव माझ्याइतकंच वेडं असतं.”

प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर मला आत बोलावून ऐकवायचे आणि विचारायचे, “कसं वाटलं, वहिनी?”

“छान.”

“कोणत्या अंगाने छान?”

“सगळ्याच.”

मग ते उसासा टाकायचे. माझं काय होतं, मनात पुष्कळ येतं पण तोंडाशी आलं की ते मागे फिरतं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यातून सासर असं शिकलेलं. चुकीचं काही बोलले तर, म्हणून मी ‘छान’वरच थांबायची. खरं म्हणजे मला ते आवडायचं. दुपारी भांडी घासून झाली की मी गोधड्यांच्या पलीकडे दाराशी टेकून बसायची, पण हे त्यांना कधी सांगितलं नाही.

आता फ्रीजचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमचा फ्रीज जुना, सारखा घुंऽ करतो. माइकला म्हणे तो भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. म्हणून वाजवण्याआधी भाऊजी त्याचं बटण बंद करायचे आणि नंतर चालू करायला विसरायचे. एकदा आमरसाचं पातेलं आंबलं. ह्यांनी त्या दिवशी जे तोंड सोडलं ते मी लिहीत नाही. तेव्हा भाऊजींनी तोडगा काढला. फ्रीज बंद करताना आपला चष्मा काढून आतच ठेवायचा. “चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं दिसत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे मी चष्मा शोधणार, चष्मा फ्रीजमध्ये, म्हणजे फ्रीज चालू होणारच.” आणि खरंच, तेव्हापासून काही आंबलं नाही. फक्त भाऊजी वाफ धरलेला चष्मा घालून घरभर फिरायला लागले. एकदा बाजूच्या बेन लिंबू घ्यायला आल्या, फ्रीज उघडला आणि दिराचा चष्मा कोथिंबिरीत बघून ओरडल्याच, “भाभी! तमारा दियरनां चश्मां कोथमीर भेगां केम मूक्यां छे?” मी लाजून म्हटलं, “ठंडक माटे.” म्हणजे गारव्यासाठी. दुसरं काय सांगणार!

असं सगळं छान चाललं होतं, आणि भाऊजींच्या डाव्या हाताची करंगळी बधिर पडायला लागली. आधी मुंग्या, मग शेजारचं बोटही. तारा दाबायच्या त्या याच हाताने. डॉक्टरांनी सांगितलं, कोपरापाशी नस दाबली गेलीय, ऑपरेशन करून मोकळी करावी लागेल. केलं नाही तर बोटं अजून दुबळी होतील. केलं तरी बधिरपणा पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. आम्ही दोघंही बरोबर गेलो होतो. भाऊजींनी विचारलं, “करंगळी पूर्वीसारखी चालेल?” डॉक्टर धीर देत म्हणाले, “काका, जेवायला-बिवायला काही अडचण येणार नाही.” भाऊजी म्हणाले, “मी करंगळीने जेवत नाही हो.”

 घरी येताना रिक्षात ह्यांनी भावाची थट्टा केली नाही, तेव्हाच मला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

भाऊजींनी स्वतः बसवलेली एक चाल होती. संथ, दुपारसारखी. तिच्या शेवटी करंगळी लांब ताणून एक सूर धरायचा असतो आणि तो आपोआप विझेपर्यंत सोडायचा नाही. ती चाल त्यांच्या मनासारखी कधीच रेकॉर्ड झाली नव्हती. त्यांनी ठरवलं, दवाखान्यात भरती होण्याआधी ती एकदा नीट वाजवून ठेवायची. मग करंगळी येवो न येवो.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही जी शांतता पाळली तशी कुणाच्या शोकसभेतही पाळली नसेल. बेनना मिक्सर लावू नका म्हणून सांगून झालं. हे वर्तमानपत्र एकाच पानावर उघडं धरून बसले, पान उलटलं तर सळसळ होईल म्हणून. फ्रीज बंद, चष्मा आत. लाल दिवा लागला. मी दाराशी बसले. आणि भाऊजी जे काही वाजवून गेले! बधिर बोटाने कसं वाजवलं कोण जाणे. शेवटचा सूर आला, लांबला, बारीक होत होत कुठे संपला ते कळलंच नाही. ह्यांनी पेपर खाली ठेवला होता. ह्यांना संगीतातलं काही कळत नाही, पण चष्मा काढून पुसत होते.

भाऊजी बाहेर आले ते उजळलेले. “दादा, झालं! आता हात कापून ठेवा!”

“वाटेल ते बोलू नकोस,” हे म्हणाले. “पंखा लाव आधी.”

भाऊजी चष्म्याविनाच चाचपडत बेनना ‘हवे मिक्सर चलावो’, आता लावा मिक्सर, असं सांगायला गेले. मी दवाखान्यात न्यायला एक गोधडी काढावी म्हणून आत गेले. मग ते परत आले, फ्रीज चालू केला, चष्मा घेतला आणि वाफ सदऱ्याला पुसत पुसत, न बघताच रेकॉर्डिंगच्या यंत्राची वीज बंद केली. ऐकलं मात्र नाही. म्हणाले, “आत्ता ऐकलं तर खोट काढीन आणि परत वाजवीन. आल्यावर ऐकू.”

ऑपरेशन नीट झालं. हात गळ्यात अडकवून भाऊजी घरी आले. करंगळी मात्र मुकीच होती. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, वाट बघा. एका सकाळी त्यांनी उजव्या हाताने हेडफोन लावले आणि यंत्र चालू केलं. मी दारातून बघत होते. चेहरा आधी वाट बघणारा, मग गोंधळलेला, मग एकदम पडलेला. मग कितीतरी वेळ ते नुसते ऐकत राहिले.

“काय झालं रे?” ह्यांनी विचारलं.

“चाल गेली, दादा. नुसता फ्रीज आलाय.”

झालं होतं ते असं. त्या यंत्राला पायाने दाबायचं बटण आहे. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, आमच्या मोरीतल्या दिव्यासारखं. चालू असलं की बारीक लाल ठिपका दिसतो. भाऊजींनी तपासताना ते एकदा दाबलं आणि चालूच राहिलं. वाजवायला सुरुवात करताना दाबलं ते बंद झालं. संपल्यावर दाबलं ते चालू. ठिपका बघायला चष्मा हवा, आणि चष्मा कोथिंबिरीशेजारी. म्हणजे चाल सोडून तिच्या मागचं-पुढचं सगळं रेकॉर्ड झालं होतं.

 चालही गेली आणि बोटही. आता हा माणूस कशावर दिवस काढणार? पण भाऊजी हसायला लागले. डोळ्यांत पाणी आणि हसू, दोन्ही. “वहिनी, इकडे या,” म्हणाले आणि हेडफोन माझ्या कानाला लावले.

त्यात माझा आवाज होता. मी त्या दुपारी गोधडी काढायला गेले तेव्हा गिटार कपाटाला टेकून ठेवलेली होती. तिच्यावरची धूळ पदराने पुसता पुसता मी बोलले होते. “हे बघ बाई, उद्या त्यांचा हात डॉक्टरांच्या हवाली करतोय. करंगळी तेवढी परत येऊ दे. मग मी तुला रोज पुसेन. तुझा आवाज मला फार आवडतो. तो शेवटचा सूर संपूच नये असं वाटतं. पण त्यांना सांगू नकोस हं.”

“तिने सांगितलं,” भाऊजी म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात पळाले आणि सरळ कुकर लावून दिला. बाहेरून ह्यांचा आवाज आला, “म्हणजे ही बोलते! मला वाटलं होतं, नुसतं ‘छान’ येतं.”

पुढे बरेच दिवस तसेच गेले. वाजवणं नव्हतं, लाल दिवा मी परत देवघरात लावला होता. तरी भाऊजी सवयीने दुपारी चष्मा काढून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मग काढायचे. एका दुपारी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा त्यांनी फ्रीजमध्ये हात घातला, आणि एकदम ओरडले.

“वहिनी! थंड!”

मला वाटलं काही सांडलं.

“थंड लागलं! करंगळीला! अहो, चष्मा थंड लागला!”

ते परत परत चष्मा आत ठेवायचे, डाव्या हाताने काढायचे आणि “थंड! थंड!” म्हणून नाचायचे. हे धावत आले. एरवी ह्यांनी फ्रीज उघडा ठेवल्याबद्दल सुनावलं असतं, पण त्या दिवशी तेच दार धरून उभे राहिले. आवाज ऐकून बेनही आल्या. त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनीही फ्रीजमध्ये बोट घालून बघितलं आणि “हा, ठंडुं छे!” म्हणून दुजोरा दिला. कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास आला. माझी पोळी तव्यावर करपली आणि मी ती तशीच करपू दिली.

आता भाऊजी परत वाजवतात. लाल दिवा दारावर गेलाय, गोधड्या भिंतींवर. त्या चालीसाठी मात्र मला आत बसवतात. “तुम्ही ऐकलीय,” म्हणतात. “तेव्हा कशी झाली होती ते सांगा.” मला कुठलं सांगता येतंय! मी बेसूर गुणगुणते, ते त्याच्यामागे वाजवतात. बांगड्या वाजल्या तर वाजू देतात. शेवटच्या सुरापाशी करंगळी पूर्वीएवढी ताणत नाही. त्या दुपारचा सूर जरा वरचा होता, हे मलाही कळतं. ते अलीकडचाच सूर धरतात, तो विझेपर्यंत थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

“असंच होतं ना, वहिनी?”

“असंच,” मी म्हणते. “शेवट फार आवडला.” एवढं मला आता बोलता येतं.

मग ते उठून फ्रीज चालू करायला जातात. चष्मा काढायला डावाच हात आत घालतात, आणि चष्मा सापडल्यावरही जरा वेळ तो हात तसाच आत ठेवतात.