खंडेनवमीला रुसलेली पिकअप

खंडेनवमीला पिकअपचं दुखणं मी तासाभरात ओळखलं होतं, पण माझं कोणी ऐकलं न्हाई! बाईमाणूस, त्यात चौथी शिकलेली; हिला बॉनेटमधलं काय कळतंय! आमच्या गाडीचे किस्से इतके साचलेत की उमरीच्या रस्त्यावरचे खड्डे कमी पडतील. हे सगळे एकाच सकाळचे.

*

आमच्या मालकांनी पहाटे गाडी धुतली. बॉनेट उघडून, बॅटरीच्या वायरी सोडून आतूनबी घासली. मग पूजा. हळद-कुंकू ओल्या पत्र्यावर टिकंना, म्हणून तेलात कालवलं. वाटी संपली, दुसरी मागितली!

"आज एकबी पार्ट उपाशी ठेवायचा न्हाई," म्हणाले.

मागं झेंडू भरलेला, शिगोशीग. दुपारच्या आत नांदेडच्या बाजारात पोचला तर सोनं, दसरा झाला की उकिरडा!

चावी फिरवली. टक्! बस्स. इंजिन हूं न्हाई की चूं न्हाई.

*

दीर गंगाधर मोबाइलवर व्हिडिओ बघून राहिला. "वैनी, बॅटरी बसली."

मी म्हणलं, "हॉर्न मार."

मारला. असा भोंगा वाजला की सासूबाईंच्या हातातली कपबशी पडली!

"बसली म्हणे!" मी म्हणलं. "ही तर उभी राहून बोंबलायली!"

*

मी म्हणलं, "आता हेडलाइट लावून चावी फिरवा." चावी फिरली की लाइट मेलाच!

"बघा, करंट पोचंना. आपल्या बोअरच्या मोटारीला केबलचं तोंड धरत न्हाई तवा असंच होतंय. बॅटरीच्या वायरी खोला."

मालकांनी वायरीचा क्लॅम्प हलवून बघितला. "घट्ट हाय! तू झेंडू बघ, गाडी आम्ही बघतो."

झेंडूच बघून राहिले होते मी. वरची फुलं उन्हानं माना टाकायली होती!

*

मग धक्का. अर्धी गल्ली लागली. पण गाडी धुतलेल्या पाण्यानं खालची काळी माती लोणी झालेली. गाडी पुढं न्हाई, खाली गेली! गंगाधर सपशेल तोंडावर.

सासूबाई म्हणाल्या, "गाडी धुवून झाली, आता ह्याला धुवा!"

*

उमरीहून मेकॅनिक रफिकभाई आले. खाली झोपले, पान्यानं दोनदा ठोकलं. "भाभी, स्टार्टर गया. खोलना पडता."

मालक लगेच, "मी तेच म्हणून राहिलो!"

सकाळपासून ते बॅटरी म्हणाले, रिले म्हणाले, माझी नजर लागली म्हणाले. स्टार्टरचं नाव एकदाबी न्हाई!

"गाडी कधी मिळंल?" मी विचारलं.

"परसों."

परवा? दसरा उद्या! डोकंच फिरलं. रफिकभाईंच्या हातातला पाना हिसकला. "खबरदार स्टार्टरला हात लावाल तर! आधी हे खोलते."

*

क्लॅम्प वर निघाला आन् सगळी मुंडकी खाली वाकली. बॅटरीच्या खुंटीवर, बरोबर क्लॅम्पच्या आत, तेलातल्या हळद-कुंकवाचा जाड लेप! त्याला चिकटलेली एक अक्षताबी! खुंटी आधी सजवलेली, वरून क्लॅम्प आवळलेला.

विळ्याच्या टोकानं खरडलं, पुसलं, आवळलं. चावी मारली.

धडाडऽऽ! पहिल्याच दणक्यात! चिखलातून गाडी अशी वर आली की गंगाधर दुसऱ्यांदा माखला, तरी नाचला!

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "भाभी, ये किसने किया?"

मालक झेंडूचं पोतं सरळ करायला लागले. ते सरळच होतं.

सासूबाई म्हणाल्या, "घे की ग नाव! गल्ली थांबलीय."

लग्नात घेतलं होतं, त्यानंतर माझ्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. पदर खोचला, गाडीच्या पायरीवर चढले आन् खच्चून घेतलं:

"झेंडूच्या माळेत खोवलं आंब्याचं पान,
स्टार्टर सुटला निर्दोष, बॅटरी लिंपली व्यंकटरावानं!"