तिथं आपलं कोण आहे?

बीडच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे माझी सत्तावीस वर्षं गेली. त्यामुळे प्रवास या विषयात मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नाही. कुठली गाडी किती वाजता, कुठे किती मिनिटं थांबते, कुठल्या थांब्यावर पाकीट सांभाळायचं, सगळं तोंडपाठ. मी स्वतः मात्र फारसा कुठे गेलो नाही. लोकांच्या सुट्ट्या त्या आमच्या जादा ड्युट्या. लोकांना रस्ता दाखवून दाखवून मला सगळीकडे जाऊन आल्यासारखंच वाटायचं.

मी निवृत्त झालो त्याच हिवाळ्यात एका सकाळी लेकीचा फोन आला. ती कझाकस्तानात, अल्माटी नावाच्या शहरात, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बर्फावरून घसरली, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पेन हरवल्याचं सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. वर म्हणाली, "टेन्शन घेऊ नका पप्पा, आणि येऊ बी नका. रूममेट सगळं करती माझं." रूममेट केरळची. फोन ठेवला तशी बायको म्हणाली, "मग? कवा निघायचं?"

मी तिला समजावलं. परदेश म्हणजे शेजारचं नेकनूर नव्हे, की पिशवी उचलली आणि बसलं गाडीत. सुरक्षित प्रवासाला नियोजन लागतं. तिने विचारलं, नियोजनाला किती दिवस लागतात? म्हटलं, आठवडा धर. खरं सांगायचं तर मला विमानाची भीती वाटत होती. पण हे तेव्हा मी स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

फाईल आणली. वर ठळक अक्षरात लिहिलं, 'प्रवास : कझाकस्तान'. पहिल्याच पानाला शंका निघाली. भारतीय माणसाला तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही म्हणे. बायकोला आनंद झाला, मला संशय आला. जिथे येणाऱ्याला दारात कुणी अडवत नाही, तिथे आत काहीतरी गडबड असते, हा माझा नोकरीतला अनुभव. त्या शंकेच्या निरसनात चार दिवस गेले. मग पासपोर्टच्या झेरॉक्सचे तीन संच केले आणि ते साक्षांकित करून घ्यायला एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडे गेलो. "हा शिक्का तिथं कोण वाचणार?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिक्का वाचायला नसतो, दिसायला असतो. त्यांनी निमूट सह्या केल्या.

पण खरं काम पुढेच होतं. आमच्याकडे कुठेही निघालात की पहिला प्रश्न एकच, तिथं आपलं कोण आहे? दवाखान्यासाठी पुण्याला जायचं तरी आधी आपलं माणूस शोधायचं, मग डॉक्टर. ओळखीशिवाय परगावी जाणारा माणूस बेफिकीर समजला जातो. तेव्हा अल्माटीत आपलं माणूस शोधायला मी रीतसर सुरुवात केली. जुन्या चालक-वाहकांना निरोप दिले. एकाने नारायणगडाच्या यात्रेत दहा जणांना विचारलं. आठवड्याभराने बातमी आली, घाटनांदूरच्या एका आडत दुकानदाराचा भाचा तिकडेच आहे.

मी पहिल्या गाडीने घाटनांदूर गाठलं. दुकानदार दिलदार माणूस. चहा झाला, भजी झाली, पुन्हा चहा झाला. "कायबी काळजी करू नका," ते म्हणाले, "भाचा हाय म्हणल्यावर घरच समजा." त्यांनी भाच्याला फोन लावून तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ठेवला. भाचा गोड बोलला. पण तो निघाला ताश्कंदला.

"मामा, अल्माटी दुसऱ्या देशात येतं. मी उझबेकिस्तानात हाय. गाडीनं दिवस जातो तिथं जायला."

मामांवर काही परिणाम झाला नाही. "म्हंजे शेजारीच की!" म्हणाले. खिडकीत बसणाऱ्या माणसाने अशा वेळी शांतपणे उठून यायला हवं होतं. पण रिकाम्या हाताने परत कसं जायचं? मी नंबर घेतला आणि 'तातडीचा संपर्क' या मथळ्याखाली लिहून ठेवला.

घरी येऊन मी विजयी मुद्रेने फाईल उघडली. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवो, आपली लेक हाय की तिथं!"

"ती लहान आहे. आपलं माणूस म्हणजे मोठं माणूस. चार लोकांत ज्याचं वजन आहे असं."

"तिचं तिसरं वर्ष हाय तिथं. तुमचा भाचा एक दिस तरी ऱ्हायला का त्या गावात?"

हा आक्षेप मी फाईलमध्ये घेतला नाही. उलट लेक रोज फोनवर "येऊ नका, काही गरज नाही" म्हणायची, ते मात्र तारखेनिशी लिहून ठेवायचो. एकदा ते पान बायकोसमोर पुरावा म्हणून धरलं. तिसरा आठवडा संपत आला होता. तिने पान वाचलं नाही. "प्लास्टर निघाल्यावर जाऊन काय त्याच्यावर सही करायची का?" एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पासपोर्ट घेऊन गावातल्या तिकीटवाल्याकडे गेली आणि दोन तिकिटं काढून आली. टेबलावर ठेवत म्हणाली, "एक माझं हाय. दुसरं तुमचं, यायचं आसलं तर." तीस वर्षांत तिने कधी मला विचारल्याशिवाय रिक्षासुद्धा केली नव्हती. मी मुकाट्याने तयारीला लागलो.

आता फाईलमधले सुरक्षेचे नियम तरी पाळले जावेत, असा मी आग्रह धरला. पासपोर्ट अंगाला चिकटून हवा. म्हणून तिने माझ्या बंडीला आतून चोरखिसा शिवला, वर बटण, बटणावर दोरा. परक्या शहरात पुढे येणाऱ्या टॅक्सीवाल्याबरोबर जायचं नाही, काउंटर शोधायचा. लेकीला बजावलं, विमानतळावर अजिबात यायचं नाही, रस्त्यावर बर्फ आहे, आम्ही बरोबर येतो. बायकोने बॅगेत आमटीसाठी येसराचा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ भरलं. या तिन्हींना माझ्या नियोजनात जागा नव्हती.

विमानात मी चार तास खुर्चीचा दांडा धरून बसलो. बायको घोरत होती. सकाळी उतरलो, रांगेत लागलो आणि माझा नंबर आला. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्टसाठी हात पुढे केला. मी कोट काढला. स्वेटर डोक्यातून ओढला. शर्टाची बटणं सोडायला लागलो तसा तो उठून उभा राहिला आणि त्याने शेजारच्याला हाक मारली. बोटं थंडीने बधिर झालेली, दोरा काही तुटेना. शेवटी दातांनी तोडला. मागची रांग दोन पावलं मागे सरकली होती.

तेवढ्यात बायकोने पर्समधून आपला पासपोर्ट काढून काचेवर ठेवला.

"तू चोरखिशात नाही ठेवलास?" मी दात-ओठ खात विचारलं.

"मला कावून लागतोय? तुमी म्हणलात म्हणून तुमाला शिवला."

अधिकाऱ्याने माझा गरम पासपोर्ट दोन बोटांत धरून उघडला आणि इंग्रजीत विचारलं, इथे तुमचं कोण आहे? सत्तावीस वर्षं मी खिडकीच्या आत होतो. बाहेर उभं राहिलं की माणसाचं काय होतं ते त्या दिवशी समजलं. डोकं रिकामं झालं, आणि फाईलमध्ये ठळक लिहिलेलं तेवढंच आठवलं. मी घाटनांदूरच्या भाच्याचं नाव सांगितलं, वर ठासून ताश्कंदही म्हणालो.

त्याने पासपोर्ट खाली ठेवला. "ताश्कंद इज उझबेकिस्तान," तो म्हणाला, आणि शेजारच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला.

बायकोने मला कोपराने बाजूला सारलं. मोबाइलमधला लेकीचा फोटो काचेला लावला, पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. "डॉटर," ती म्हणाली. मग दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरून मोडल्यासारखं करून दाखवलं. "डॉटर!" अधिकारी फोटोकडे बघून हसला. दोन शिक्के पडले.

दारातून बाहेर आलो तर पाच टॅक्सीवाल्यांनी घेरलं. मी काउंटर शोधत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोललं आणि ते सगळे बाजूला झाले. गळ्यात पट्टी, पट्टीत प्लास्टर, डाव्या हातात मोबाइल, गाडी आधीच बोलावून ठेवलेली. मी येऊ नको म्हणालो होतो, ते तिने ऐकलं नव्हतं.

गाडीत ती आम्हा दोघांच्या मधे बसली. पासपोर्टचा किस्सा ऐकून खूप हसली. आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायलाच लागली. मी घाबरलो. "दुखतंय का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. "मी रोज येऊ नका म्हणत होते. तुमी खरंच आला नसता तर?"

तारखेनिशी लिहिलेली ती पानं बॅगेतच होती. मी बायकोकडे बघितलं. आता ही सगळं सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं मला वाटलं.

"आसं कसं आलो नसतो?" ती लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "तुझे पप्पा तर पहिल्या दिसापासून निघा निघा करत व्हते. मलाच आवरायला उशीर झाला."

लेकीने डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला. मी तो धरू दिला, आणि खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही.