वाफबाई इस्त्री उभी करते तेव्हा

आमच्या शिवणाच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी वाफबाई उभी असते. तिचं खरं नाव मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवतं. हातात वाफेची इस्त्री, म्हणून वाफबाई. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी. मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं, पण कधीही जा, कोणी ना कोणी आधीच तिथे टेकलेलं असतं.

हिच्यात एवढं काय आहे, ते मला बरीच वर्षं कळलं नाही. बोलणं बेताचं, देणंघेणं काही नाही. एवढंच, की कोणी बोलायला आलं की ती इस्त्री उभी करून ठेवते आणि त्याच्याकडे बघते. मालक कुरकुरतो, "कपडे पडलेत ना तिकडे."

"कपड्यांना काही सांगायचं नाहीये, साहेब. हिला सांगायचंय."

मी पडले कामाची बाई. माणूस दुःख सांगत असला तरी माझा पाय मशीनवरून हलत नाही, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मी उपाय सांगून मोकळी. एकदा वाकलेल्या शेजारणीला मी गुडघ्याचं तेल सुचवलं. ती बिचारी चप्पल शोधत होती.

तर मदतीची मला भारी हौस. त्याच हौसेपायी मी सुनेच्या शर्टाला हात घातला. घरात ती एक ढगळ, विटका शर्ट घालायची. शिंपिणीच्या घरात असं ध्यान शोभतं का? एका दुपारी ती कामावर गेली असताना मी तो उसवला, बाजू आत घेतल्या, बाह्या कापल्या, उरलेलं कापड कचऱ्यात टाकलं. छान घडी करून पलंगावर ठेवला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

तिने तो उलगडला. "हा बाबांचा होता," एवढंच म्हणाली. वडील तिचे गेल्याच वर्षी वारले.

त्यानंतर तिचं बोलणं "हो आई", "नको आई" एवढ्यावर आलं. मुलगा वेगळं घर बघायची भाषा करू लागला. मी तिला नवे शर्ट शिवून दिले, ते कपाटात घडी न मोडता पडले. रोज देवापुढे बसून म्हणायचे, तिला सुबुद्धी दे. गरज नक्की कोणाला आहे हे देवाला दिसत असणार, पण तो भिडस्त.

शेवटी वाफबाईला गाठलं. तिने इस्त्री उभी केली. माझं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "तिचे वडील कसे होते गं?"

"मला काय माहीत? लग्नात नमस्कार झाला तेवढाच."

"मग तिला विचार. आणि उत्तर येईस्तोवर तोंडाला टाके घाल. शिवणकाम तर येतं तुला."

संध्याकाळी सून दूध तापवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, "तुझे बाबा घरी कसे असायचे गं?" आणि गप्प बसले. ती पाठमोरीच. माझ्या घशाशी वाक्यांची रांग लागली. मनात देवाचं नाव घ्यायला लागले, भक्तीपेक्षा जिभेला धरून ठेवायला.

बऱ्याच वेळाने ती वळली. "आई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे की."

"मग गप्प का?"

"ऐकतेय."

तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग ओट्याला टेकून हळूहळू बोलायला लागली. बाबा कमी बोलायचे. सुट्टीच्या दिवशी तोच शर्ट घालून सायकल पुसत बसायचे. तिला सायकल शिकवताना मागून पळत यायचे आणि धरलंय धरलंय म्हणत केव्हाच सोडून द्यायचे. सांगता सांगता ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तिच्या पाठीमागे दूध वर येताना मला स्पष्ट दिसत होतं. ते काठावर आलं, शेगडीवर उतरलं, करपल्याचा वास सुटला. मी म्हणाले, "मग?"