मामांचे वाढदिवस

आमच्या गल्लीतल्या मामांचा वाढदिवस वर्षातून सात-आठ वेळा यायचा. थंडीत चपला विकणाऱ्या कंपनीकडून, होळीच्या आसपास चष्मेवाल्यांकडून, भर पावसात औषधं घरपोच करणाऱ्यांकडून. सकाळी फोन वाजायचा, 'प्रिय ग्राहक, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि मामा चष्मा कपाळावर चढवून दारात यायचे. "आज चपलावाल्यांकडनं जलमलो बरं का!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे. मग मामी कढई चढवायच्या, आणि संध्याकाळपर्यंत भिसेगावातल्या आमच्या त्या गल्लीत घरटी एक वाटी पोचलेली असायची. नवा भाडेकरू हमखास विचारायचा, "पण मागच्या महिन्यात झाला ना तुमचा वाढदिवस?" मामा शांतपणे म्हणायचे, "तो दुसरा."

ते तसे कोणाचेच सख्खे मामा नव्हते. खोपोलीकडच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी नोकरी केली होती. आत येणाऱ्याचं नाव, गाव आणि काम लिहून घ्यायचं, मगच फाटक उघडायचं. या नोकरीतून त्यांचं एक पक्कं मत तयार झालं होतं, आणि पुढे फोन हातात आल्यावर ते मत त्यांनी सगळ्या मोठमोठ्या कंपन्यांना लावलं. "आयुष्यभर लोकांची नावं लिवली रं दिलीप," ते मला सांगायचे. "त्यातलं एक पान कुठल्या सायबानं वाचलं नाय. आन् नावं तरी काय! ट्रकवाले सरळ देवांची नावं सांगायचे. एका दिवशी चार गणपती आत गेले, संध्याकाळी तीनच भाईर आले. इचारणाऱ्याला फकस्त रकाना भरायचा असतो. त्याला खरं सांगून त्याचा गोंधळ कशाला वाढवायचा?"

जन्मतारखेच्या बाबतीत तर त्यांचा नाइलाजच होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्यांना एक जून लावला होता, वर्गातल्या बहुतेकांना लावला होता तसाच. "आख्खा वर्ग एका दिवशी जलमलेला. आई म्हनायची, भात झोडत होतो तवा झालास तू. म्हंजे दिवाळीच्या आगंमागं. आता गुरुजींनी खरी तारीख इचारली नाय, सरकारनं इचारली नाय, तर ती चपलावाल्यानं का मागावी?" म्हणून बँकेत आणि सरकारी कागदांवर एक जून, आणि बाकी प्रत्येक कंपनीला त्या क्षणी मनात येईल ती तारीख. साल मात्र सगळीकडे तेच द्यायचे. वयाची चोरी करणं हा नटनट्यांचा धंदा आहे, असं त्यांचं म्हणणं.

फोनने काहीही मागितलं की मामा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे, "कशाला?" एकदा त्यांनी बॅटरीसारखा उजेड पाडणारं ॲप घेतलं. ते म्हणालं, तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघू द्या. मामा फोनकडे बघत बसले. "बॅटरीला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला रं? अंधारात त्याला शोधायचाय व्हय? तो तर उजेडात पन सापडत नाय." मामी आतून म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव काढू नका." मामांनी ते ॲप काढून टाकलं आणि दुकानातून सेलची बॅटरी आणली. फोनवर त्यांचा राग मुळीच नव्हता. "चांगला हाय तो. पन तो गेटवरचा मानूस हाय, जावई नाय. चौकटीतनं बोलायचं त्याच्याशी. लगेच पाट मांडायचा नाय."

मी पाट मांडणाऱ्यांपैकी. खालापूरच्या एका कचेरीत मी कारकून आहे. दिवसभर लोकांना 'नीट वाचून सही करा' असं सांगतो आणि संध्याकाळी पानंच्या पानं अटी न वाचता 'मान्य आहे' दाबतो. याची मला मनापासून लाज वाटते, पण बोट थांबत नाही. असंच एकदा मी फोटो सुंदर करणारं एक ॲप घेतलं, ते मागेल ते सगळं मान्य केलं, आणि आठवड्याभरात मामांना कर्ज हवंय का म्हणून विचारणारे फोन सुरू झाले. माझ्या बायकोलाही आले, साडूलाही आले. गुन्हेगार मीच हे कळल्यावर मला जेवण जाईना. शेवटी मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

मामांनी ऐकून घेतलं आणि मांडी थोपटून हसले. "तो तू व्हय! अरं, रोज दुपारी एक पोरगी गोड आवाजात इचारते, सर, आपल्याला लोन हवंय का? गेटवर असताना मला कोनी सर म्हटलं नाय रं. परवा मी तिला इचारलं, बाय, जेवलीस का? तर म्हनाली, अजून नाय काका. लोनचं काय बोललीच नाय पुढं." मी तरीही मान खाली घालून उभा. तेव्हा म्हणाले, "एवढं तोंड पाडू नकोस. ते ॲप तेवढं काढून टाक. तसंही फोटोत तू हायेस तसाच दिसतोस."

त्यांचं एक मला कधी उलगडलं नाही. कंपन्यांना एक अक्षर खरं न सांगणारा हा माणूस, फोनने मत विचारलं की मात्र विरघळायचा. शिळफाट्याला बाजाराला जाऊन आले की फोन विचारायचा, 'शिळफाटा कसा वाटला?' मामा कोपऱ्यात बसून विचार करायचे. "पोरपनापासून जातोय तिथं. कसा वाटला म्हनून आजवर कोनी इचारलं नव्हतं." आणि पाचच्या पाच तारे देऊन टाकायचे. वडापावला पाच, पुलाला पाच, वजनकाट्याला पाच. "हा काटा खरं बोलतो का?" मी विचारलं. "नाय बोलत," मामा म्हणाले, "पन मालक खुर्ची देतो बसायला."

मामींचं माहेर खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. गावामागे एक टेकडी होती. पावसाळा सुरू झाला की दोघं तिथे जायची आणि पिशवी भरून रानभाज्या आणायची: शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोळी. त्यांची मुलगी नाशिकला असते. तिला यातलं काही कळत नाही याचं मामींना वाईट वाटायचं. म्हणून कुठली भाजी कुठल्या दगडाच्या आडोशाला येते, कोवळी कशी ओळखायची, खाज कशी घालवायची, हे सगळं मामी टेकडीवर उभ्या राहून फोनवर बोलून ठेवायच्या. मुलगी आली की निवांत दाखवू, असं म्हणत बऱ्याच पावसाळ्यांचे व्हिडिओ साठले. मग टेकडी विकली गेली. मशीन आलं, उतार सपाट झाला, भोवती उंच भिंत झाली आणि आत बंगले उभे राहिले. त्यानंतर मामी माहेरी गेल्या तरी घराच्या मागच्या दारी जात नसत. दुपारी कामं आटपली की फोनमध्ये टेकडी बघत बसायच्या.

आणि एका सकाळी मामा पिंपातून पाणी काढायला वाकले आणि खिशातला फोन पिंपात गेला. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, पण तो काही उठला नाही. नवा फोन आणला. पासवर्ड मामींना पाठ होता, त्यामुळे कोणाला काळजी नव्हती. पण फोटो आणि व्हिडिओ साठवणाऱ्या कंपनीला हा अनोळखी फोन बघून संशय आला. ओटीपी पाठवावा तर मामांनी तिला आपला नंबरच कधी दिला नव्हता, तिच्या शुभेच्छाही ॲपमध्येच यायच्या. तेव्हा तिने विचारलं, तुमची जन्मतारीख सांगा.

मामांनी एक जून सांगितली. चूक. दिवाळीच्या सुमाराची एक सांगितली. चूक. मग इशारा आला, की आणखी एकदा चुकलात तर खातं कायमचं बंद होऊ शकतं. मामा फोन घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मिश्कीलपणाचा मागमूस नव्हता. "मी गेटवरचा मानूस, आन् मलाच आत सोडत नाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन त्याचं बराबर हाय. मी असतो तरी सोडलं नसतं."

मामी मागून आल्या होत्या. त्या मामांवर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "दिलीप, माझी टेकडी त्यात हाय रं."

रविवारी सकाळी मामांच्या ओटीवर गल्ली जमली. मामांचे वाढदिवस मामांना आठवत नव्हते, पण गल्लीने ते खाल्ले होते. समोरचे पाटील म्हणाले, "फोटोवाल्यांचा म्हंजे खोबऱ्याच्या वड्या." त्यांची बायको म्हणाली, "गप बसा वो, वड्या चष्मेवाल्यांच्या. पाक कच्चा राहिलेला." मामी म्हणाल्या, "माझा पाक कवाच कच्चा राहत नाय." यावर बराच वेळ गेला. चपलावाल्यांच्या करंज्या, औषधवाल्यांचे घावन असं एकेक नक्की होत गेलं, पण फोटोवाल्यांपाशी सगळे अडायचे.

मग गल्लीतल्याच कांबळे वहिनी एकदम म्हणाल्या, "थांबा. फोटोवाल्यांचा शिरा होता. त्या दिवशी आमच्याकडे खीर होती, बुद्धपौर्णिमेची. मी खिरीची वाटी घेऊन मामींकडे निघाले, तर मामी शिऱ्याची वाटी घेऊन माझ्याकडे निघालेल्या. रस्त्यातच अदलाबदल झाली. आणि मामा इथनं ओरडले, आज फोटोवाल्यांकडनं जलमलो, आन् सोबतीला कोन हाय बघा!"

"म्हनालो व्हतो!" मामा उभेच राहिले.

पाटील म्हणाले, "पण पौर्णिमेची तारीख दर साली बदलते. ही कुठल्या सालातली?"

वहिनींना तेही आठवत होतं. त्यांच्या मुलीच्या, सुप्रियाच्या, लग्नानंतरची ती पहिली पौर्णिमा. जावई नवा होता, लाजत लाजत खीर खाल्ली आणि न लाजता शिरा खाल्ला. मी माझ्या फोनवर त्या सालचं कॅलेंडर काढलं. तारीख मे महिन्यातली निघाली. ती मी नव्या फोनमध्ये भरली, आणि शेवटचं बटण दाबायच्या वेळी माझा हात थांबला. आयुष्यभर न वाचता बटणं दाबत आलेला मी, त्या एका बटणापाशी घामाघूम झालो. वहिनींचा एक दिवस इकडेतिकडे झाला असेल तर? मामा म्हणाले, "दाब रं. चुकलं तर शिव्या मी खाईन, तू कशाला घाबरतोस?" मला जमेना. तेव्हा मामींनी पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं.

खातं उघडलं. आधी धुकं दिसलं, मग ओला उतार, मग गुडघ्याएवढ्या गवतात उभ्या मामी. ओटीवर एवढी डोकी त्या फोनवर वाकली, की मामींनाच दिसेना. "मला बघू द्या गं, माझी हाय ती," म्हणत त्या मध्ये घुसल्या. मामा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मे महिना! तरी म्हटलं, मला आंबा एवढा का आवडतो."

तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. 'तुमचं खातं आत्ता एका नव्या फोनवर उघडण्यात आलं. ते तुम्हीच होतात का?' खाली दोन बटणं होती, होय आणि नाही. मामांनी ते दोनदा वाचलं. मग वर बघितलं, ओटीभर बसलेल्या सगळ्यांकडे. "एकटा नव्हतो," ते म्हणाले, "पन तसं बटन ठेवलं नाय त्यांनी." आणि हसत हसत त्यांनी होय दाबलं.

ते सगळे व्हिडिओ मी त्याच आठवड्यात दुसरीकडेही साठवले. तेव्हा मी एक शहाणपणा करणार होतो. बऱ्याच व्हिडिओंत फोन मध्येच हलतो, चित्र थरथरतं. मुलीला दाखवताना नीटनेटकं असावं म्हणून ते तुकडे कापून टाकू का, असं मी मामींना विचारलं. "राहू दे की," त्या सहज म्हणाल्या, आणि मी कात्री लावली नाही.

मागच्या वर्षी, कैऱ्या लोणच्याला आलेल्या असताना, मामा गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. मुलगी आता बरेचदा येते. मामी कधी कधी दुपारी मला हाक मारतात, ते टीव्हीवर मोठं करून लाव म्हणतात. इतकी वर्षं मी त्यात भाज्याच बघत होतो. मामा त्यातल्या एकाही व्हिडिओत दिसत नाहीत, कारण फोन त्यांच्या हातात असायचा. मामी वाकून सांगत असतात, "ही शेवळं. घसा खाजतो हिनं, म्हनून चिंच घालायची." मागून आवाज येतो, "आन् कोनाची जीभच खाजत आसंल तर?" मामी वर न बघता म्हणतात, "तुमच्या जिभंला औषध नाय."

मग मामा हसू लागतात. हसताना त्यांचा हात हलतो, आणि भिजलेली ती अख्खी टेकडी, दगडांसकट, गदागदा हलते.